तन्वी बोलत नाही

खोडाळ्याच्या वर, टेकडीच्या पोटाशी जो पाडा आहे, त्यात सपनाच्या घराइतकं टापटीप घर दुसरं नाही. भिंती कुडाच्याच, पण सारवण असं की हात फिरवत बसावं. त्या भिंतीवर, लहान मुलाच्या नजरेला येईल एवढ्या उंचीवर, मुळाक्षरांचा तक्ता लावलेला. अ अननसाचा. अननस म्हणजे काय ते या पाड्याला सरबताच्या बाटलीवरच्या चित्रावरूनच ठाऊक, पण तक्ता छापणाऱ्याला त्याचं काय! सपना रोज संध्याकाळी मुलीला तक्त्यासमोर बसवायची, अननसावर बोट ठेवायची आणि विचारायची, "हे काय आहे, तन्वी? सांग बरं."

तन्वी अननसाकडे बघायची, मग आईच्या बोटाकडे, मग आईच्या तोंडाकडे. आणि गप्प बसायची.

तिसरं वर्ष सरून गेलं होतं पोरीचं. 'पाणी' म्हणायची, 'हो' म्हणायची, नको असलं की मान हलवायची. संपलं. चालायला लवकर लागली होती, दात वेळेवर आले होते, आणि डोळे तर असे चौकस की कोंबडीने अंडं कुठे घातलं ते घरात सगळ्यांच्या आधी तिला कळायचं. पण बोलणं म्हणून नाही. शेजारची सुकरी, जिच्या पोटात काही राहत नाही, ती एक दिवस ओटीवर येऊन म्हणालीच, "मुकी तं नाय ना गं पोर? भगताला दाखव एकदा."

सपनाने तिला चहा न विचारताच वाटेला लावलं. पण त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. भांडी घासताना, पाणी भरताना, मुलीच्या केसांना तेल लावताना तोच एक विचार. ही बोलणार कधी? आणि बोललीच नाही तर?

आता खरं सांगायचं तर या घरात बोलण्यावर पहारा होता, आणि तो सपनानेच बसवलेला होता. तन्वी जन्मली तेव्हाच तिने जाहीर करून टाकलं की माझ्या मुलीच्या कानावर घरची भाषा पडू द्यायची नाही. तिच्याशी बोलायचं तर पुस्तकातलं मराठी बोलायचं, नाहीतर तोंड मिटून बसायचं. नवरा संदीप नुसता हसला होता. तो खोडाळा-मोखाडा जीप चालवतो. दिवसभर प्रवाशांशी अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलून घरी येतो, जेवतो आणि आडवा होतो. त्याला कोणतीही भाषा चालत होती, भाकरी गरम असली की झालं.

तुम्हीही हसाल, पण आधी तिचं ऐकून घ्या. सपना सहा वर्षांची असताना आश्रमशाळेत गेली. पहिल्याच दिवशी ताट घेऊन जेवणाच्या रांगेत उभी राहिली आणि वाढणाऱ्या बाईला म्हणाली, "माना भात दे." घरी आईला म्हणायची तसंच. बाई हसली, मग सगळी रांग हसली. हसणारी पोरंही पाड्यांवरचीच होती, फक्त तिच्या एक वर्ष आधी आलेली. गुरुजींनी तिला रांगेतून बाजूला काढलं आणि 'मला भात द्या' असं नीट म्हणता येईपर्यंत उभं ठेवलं. ताटातलं वरण तोवर गार झालं. पुढे कित्येक वर्षं पोरं तिला 'माना' म्हणूनच चिडवत होती. ती शाळा तिने पुरी केली, पण बोलायच्या आधी शब्द मनात घासूनपुसून घ्यायची सवय तिला जी लागली ती कायमची.

मग लग्नाआधी ती ठाण्याला एका घरी मूल सांभाळायला राहिली होती. त्या घरचा विहान अडीच वर्षांचा, पण "मला हे नकोय, मला ते हवंय" असं तोंडावर टाकायचा. त्याची आई फोनवर बोलता बोलता त्याचा चुकलेला शब्द सुधारायची आणि परत फोनवर बोलू लागायची. सपना त्याला भरवता भरवता हे बघत राहायची. तिने तिथेच मनाशी गाठ बांधली, की माझं मूल झालं तर ते असंच बोलेल. त्याला रांगेतून कोणी बाजूला काढणार नाही.

गोची अशी झाली, की सपनाचं मराठी शाळेतून आलेलं, आणि बाळाशी कसं बोलायचं ते शाळेत कोणी शिकवत नाही. हुकूम सोडायला ते मराठी बरं होतं. हात धू, खाली बस, हे काय आहे, शाब्बास. पण तान्ह्या पोरीच्या पोटावर नाक घासताना काय म्हणायचं? तिला ताप भरला की मांडीवर घेऊन काय पुटपुटायचं? ते शब्द तिच्याकडे होते, ढीगभर होते, पण सगळे तिच्या आईच्या भाषेतले. ते ओठांपर्यंत यायचे आणि ती गिळून टाकायची. मग ती मुलीला नुसतीच थोपटत बसायची.

आणि सासरा ढवळू? हा माणूस म्हणजे पाड्याचा रेडिओ होता. लग्न असो, मर्तिक असो, ढवळू बसला की गोष्टीतून गोष्ट निघायची आणि ऐकणाऱ्यांची भाकरी चुलीवर करपायची. बायको रामी होती तोवर तिच्याशी भांडणसुद्धा रंगवून रंगवून करायचा. नात झाल्यावर बिचाऱ्याने सुनेच्या शब्दाला मान देऊन पुस्तकी मराठीची खटपट केली. ग्रामसभेत ऐकलेलं सगळं त्याने पाळण्यापुढे मांडलं. "तन्वी बाळ, आपण आता दूध प्यावे अशी विनंती आहे." संदीप पोट धरून हसला. सपनालाही हसू आवरेना, आणि तिला हसताना पाहून म्हातारा एकदम विझला. आपण आज त्या रांगेतल्या पोरांसारखंच हसलो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

त्यानंतर कधी चुकून त्याच्या तोंडून घरचा शब्द गेला तर सपना "बाबा!" एवढंच म्हणायची. तेवढंच पुरे व्हायचं. पुढे रामी वारली आणि ढवळूने घरात बोलणंच सोडलं. जेवायचा, मान हलवायचा, शेरडं सोडायचा. बायको गेल्याचं दुःख असेल, असं सपना धरून चालली.

थंडी सरली की इकडे मोगऱ्याचा हंगाम सुरू होतो. विहिरीच्या पाण्यावर जगवलेली ती रोपं, त्यांच्या कळ्या उमलायच्या आत, उजाडता उजाडता खुडाव्या लागतात, तरच बाजाराला जातात. सपना पहाटेच मळ्यावर खुडणीच्या मजुरीला जायची. तन्वी आजोबांबरोबर शेरडांमागे माळावर जायची ती पार दुपारी परतायची. म्हातारा काही बोलतच नाही, म्हणजे पोरीच्या कानावर नको ते पडण्याची भीती नाही, या हिशेबाने सपना निर्धास्त होती.

पण पोर काही बोलेना. शेवटी सपनाने ठरवलं, जव्हारला कानाच्या डॉक्टरला दाखवायचं. निघायच्या सकाळी ढवळू जीपभोवती घुटमळत राहिला.

"नका नेऊ तिला," तो म्हणाला. "येल बोलाया. पोर चांगली हाये."

"बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?" सपना वैतागून म्हणाली.

त्याने आणखी काही म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर संदीपने गाडी सुरू केली होती.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने तन्वीच्या पाठीमागे खुळखुळा वाजवला, ती वळली. हळू वाजवला, तरी वळली. कान बघितले, जीभ बाहेर काढायला लावली. "कान उत्तम आहेत, जिभेलाही काही झालेलं नाही," तो म्हणाला. "घरी तिच्याशी बोलता ना तुम्ही?"

"रोज बोलते, सर. शुद्ध बोलते."

"मग पावसाळ्यापर्यंत वाट बघू. तोवर काही फरक नाही पडला, तर नाशिकला मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

परतीच्या घाटात तन्वी मांडीवर झोपून गेली. सपना पदरात तोंड घालून रडली. "माझंच काही चुकलं असेल का रे, ही पोटात असताना?" तिने संदीपला विचारलं. समोर रस्ता मोकळा असतानाही त्याने उगाच हॉर्न वाजवला.

घरी आल्यावर ढवळूला जेवायला वाढताना तिचा बांध पुन्हा फुटला. "बाबा, एकदा आई म्हणू दे तिला. एकदाच. मग मी कोणाकडे काही मागणार नाही." ढवळूचा घास हातातच राहिला. तो सुनेकडे बघत राहिला. ताट अर्धं टाकून तो उठला आणि शेरडांना पाणी दाखवायला गेला. शेरडं केव्हाच पाणी पिऊन रवंथ करत बसली होती.

मग तो दिवस आला. आभाळ भरून आल्यामुळे त्या सकाळी कळ्या कमी निघाल्या आणि खुडणी लवकर आटोपली. सपनाने विचार केला, घरी जाऊन काय करायचं, बरोबरची भाकरी दोघांना माळावरच नेऊन देऊ. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. ती चढण चढून झाडांपाशी पोचते न पोचते तोच तिला आवाज ऐकू आला. लहान पोरीचा, खणखणीत, जरा चिडलेला.

"ये काळे! तठं नको जाव! तठं कोल्हा हाये. त्याचं दात मोठं मोठं हायेत. तुला खाईल, मंग तुजी आयस रडंल. आजा, हिला सांग ना तू!"

कोणाची पोर ही, असं सपनाच्या मनात आलं. तिने खोडाआडून डोकावलं. तन्वी हातात काठी घेऊन काळ्या शेळीला दमात घेत होती.

सपना खोडाला धरून खाली बसली.

"मंग कोल्हा काय बोलला?" ढवळूने विचारलं. घरात खाली मान घालून जेवणारा तो हाच म्हातारा. डोळे मिचकावत होता, हातवारे करत होता.

"कोल्हा बोलला, माना भूक लागली."

"मंग तू काय बोललीस?"

"मी बोलली, मोहाची फुलां खा. आमची काळी नको खाव. ती गाभण हाये."

आजा-नात दोघंही खदखदून हसली. सपनाही तोंडावर पदर दाबून हसली आणि त्याच पदराने तिने डोळे पुसले. ती बोलते! माझी पोर बोलते! नुसती बोलत नाही, बडबडते! तिला वाटलं धावत जावं, उचलून घ्यावं, त्या तोंडाचे मुके घ्यावे. ती उठली आणि पुढे झाली. पायाखाली सागाची वाळकी पानं वाजली.

तन्वीने वळून पाहिलं. हातातली काठी तिने हळूच खाली ठेवली. मग आजोबाच्या जवळ सरकून, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून, दबक्या आवाजात म्हणाली, "आजा, उगा राह. आयस आली."

आणि तिने तोंड मिटून घेतलं. सपनाने वर्षभर तक्त्यासमोर पाहिलेला तो चेहरा, तसाच्या तसा.

सपना होती तिथेच थांबली. तिला पहिल्यांदा आला तो राग, आणि तो सगळा म्हाताऱ्यावर गेला. "जव्हारला घेऊन गेले मी तिला! तुमच्यासमोर रडले! तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही तोंडातून चकार शब्द काढला नाही?"

ढवळू उभा राहिला. "सांगतांव सांगतांव करत व्हतू," तो म्हणाला. "पन सांगला असता तं तू तिला शेरडांमागं धाडली नसतीस. मंग मी कोनाशी बोलू, सपना? रामी गेली. घरात माना बोलाया बंदी. ही एक व्हती."

"आणि तिला कोणी शिकवलं, आई आली की गप्प बसायचं?"

"मीच बोललू तिला," म्हातारा खाली बघत म्हणाला. "आयसपुढं नको बोलूस, ती रागंवते. माना काय ठावा, पोर येवढा मनावर घेल?"

सपनाला पुष्कळ बोलायचं होतं. पण रागाच्या मागोमाग दुसरंच काहीतरी वर आलं, आणि त्यापुढे राग टिकेना. बंदी कोणी घातली होती? म्हाताऱ्याने नाही. ती मटकन मुलीपुढे बसली आणि इतकी वर्षं गिळलेले शब्द तिने शोधून काढले. आधी अडखळली. मग आपली आई जशी बोलायची त्याच सुरात म्हणाली, "ये माजी पोर. ये अठं. मी नाय रागंवत. सांग माना, कोल्हा कठं गेला?"

तन्वीचे डोळे मोठे झाले. तिने आईकडे बघितलं, मग आजोबाकडे. त्याने मान हलवली, बोल म्हणून. पण ती आजोबाच्या धोतराला धरून उभीच राहिली. मोठी माणसं असं काही बोलून आपल्याला पकडतात, असं तिला वाटलं असावं. भाकरी खाऊन झाल्यावर तिघं घरी परतली.

त्या संध्याकाळी सपनाने तक्ता काढून गुंडाळून ठेवला. संदीप आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग बायकोचा चेहरा बघून गप्प झाला. घरात आता बंदी नव्हती. सपना चुलीपाशी बसून घरच्या भाषेत बोलायची, ढवळूला मुद्दाम गोष्टी विचारायची. म्हातारा सांगायचाही, पण सुनेकडे बघत, जपून, पाव्हण्यांसमोर बसल्यासारखा. आणि तन्वी ऐकायची. आईने विचारलं की 'हो', तहान लागली की 'पाणी'. सपना रात्री पोट थोपटताना तिच्या कानाशी लागून ते सगळे लाडाचे शब्द एकेक करून म्हणायची. पोर डोळे मिटून पडून राहायची, झोपल्यासारखी. झोपलेली नसायची, हे सपनाला श्वासावरून कळायचं.

"येल," ढवळू म्हणायचा. "वखत जाईल, पन येल."

पण आईच्या जिवाला दम कुठून असणार? एका सकाळी तिने मळेवाल्याला निरोप धाडला, आज मी येत नाही, आणि ती दोघांबरोबर शेरडं घेऊन निघाली. तिला वाटलं, घरात नाही तर माळावर तरी खुलेल. तिने तन्वीबरोबर मोहाची फुलं वेचली, काळीला हाका मारल्या, कोल्हा होऊन झाडाआड लपली. ढवळूनेही गोष्ट काढली, पण ती मध्येच कुठेतरी विरून गेली. तन्वी एका दगडावर बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. काळी शेळी पार खालच्या झुडपात शिरली तरी तिला कोणी ओरडलं नाही. ऊन चढलं. माळावर शेरडांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या.

मग तन्वी दगडावरून उतरली आणि आईपाशी आली. तिने सपनाचं बोट धरलं. पोरीने तिला ओढत ओढत झाडांखालून बाहेर नेलं, जिथून पाड्याची वाट खाली उतरते तिथपर्यंत. तिथे थांबून तिने मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता. विनवणी होती.

"आई," ती म्हणाली, "तू घरा जा."

सपना ऐकत राहिली. पोरीने आपल्याला आई म्हटलं. आपल्याशी आख्खं वाक्य बोलली. याच्याहून जास्त काही मागणार नाही, असं तिने स्वतःच तर म्हटलं होतं.

"जातांव," ती म्हणाली. "जातांव हां, माजी पोर."

तन्वीने बोट सोडलं आणि ती पळत आजोबाकडे गेली. सपना वाट उतरू लागली. थोडं खाली आल्यावर मागून तो खणखणीत आवाज आला, काळीला दम देणारा, आणि म्हाताऱ्याचं हसू. तिने मागे वळून पाहिलं नाही. वळली असती तर तो आवाज थांबला असता. जिथवर ऐकू येत होतं तिथवर ती अगदी सावकाश, पानं चुकवत चुकवत चालली.